मृण्मयीचा उजेड

दिवेलागण झाली तरी कुमुदने घरातलं एकही बटण दाबलं नव्हतं. दत्ताराम कामावरून आले तेव्हा ती मेणबत्तीजवळ बसली होती.

"अगं, मेणबत्ती कशाला? सकाळी तारा बसवून गेलेत ना?"

मागच्या पडवीत नवी भट्टी गुणगुणत होती. सगळे तिला ताराच म्हणत, कारण आकाशातल्या ताऱ्यासारखाच तिच्या पोटात हायड्रोजन जुळून उजेड व्हायचा. गेलेल्या माणसाच्या देहातलं पाणी काढून त्यातला हायड्रोजन त्याच्याच घरच्या ताऱ्यात घालायची आता रीत होती. या ताऱ्यात त्यांची मुलगी होती, मृण्मयी.

"दिवा लावला की ती थोडी थोडी संपेल हो," कुमुद म्हणाली.

दत्ताराम तिच्याशेजारी खाली बसले. "आपण दोघं जाऊ, तरी ती पुरेल. आणि तिने कधी दिवा मालवलाय का? प्रत्येक खोलीत जळता ठेवून निघून जायची. तूच ओरडत मागून बंद करत फिरायचीस."

कुमुद उठली. तिने एकेका खोलीत जाऊन सगळे दिवे लावले. शेवटच्या खोलीतून बाहेर पडताना सवयीने तिचा हात बटणाकडे गेला आणि चटका बसल्यासारखा मागे आला.