अंगठ्याखालचं नाव

“यातली माझी गाठ कुठली, ताई?” प्रयोगशाळेतल्या फ्रीजरपुढे उभ्या राहून मालनबाईंनी विचारलं. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ त्यांनी आपणहून आमच्या संशोधनाला दिली होती.

कॅन्सरचं एक प्रथिन पेशीतल्या जनुकांची बटणं कशी चालू ठेवतं, ते मी त्या गाठीत शोधणार होते. पण गाठ ठेवलेल्या नळीवर नाव मी साध्या पेनानं लिहिलं होतं. स्पिरिटच्या बोळ्यानं ते पुसलं गेलं, आणि बिननावाची नळी मी गुपचूप फेकून दिली होती.

“ही,” म्हणत मी दुसऱ्याच कुणाची नळी उचलली. नावावर अंगठा ठेवला.

मालनबाईंनी डोक्यावर पदर घेऊन नळीला हात जोडले. “बटण सापडलं की लगेच सांगा हं. लेकीलाही तसलीच गाठ निघालीय.”

गारठ्यानं अंगठा बधिर झाला, तरी मला तो उचलवेना.