पुलाची थरथर

"मारा उड्या!" इंजिनियर ऋजुता ओरडली. झुलत्या पुलाच्या मधोमध उभ्या असलेल्या कामगारांनी जीव खाऊन उड्या मारल्या, पण पूल जागचा हलला नाही.

तिला भरून आलं. सगळ्या दोर-फळ्यांचा किचकट हिशेब सोडून तिने अख्खा पूल कागदावर एक वजन आणि एक स्प्रिंग एवढाच मांडला होता. "पोरखेळ आहे हा," म्हणून साहेब हसले होते. पण त्याच गणिताने ठरवलेल्या, पुलाखाली टांगलेल्या लोखंडी वजनाने सगळी थरथर गिळून टाकली होती.

पुलाच्या तोंडाशी धाकू परब उभे होते. पूल हलतो, बायको घाबरते, ही तक्रार त्यांनीच वर्षभर लावून धरली होती. बायको मात्र पिशवी घेऊन एकटीच पलीकडे पोचलीसुद्धा.

"काय काका, झालं ना मनासारखं?"

"पूल बेस झालो गो," पलीकडे बघत ते म्हणाले. "पण लगीन झाल्यापासून ह्या पुलार ती माझो हात घट्ट धरी. आज मागे वळान बघूक पण नाय."

मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "जरासो हलतो ठेवूक जमात काय?"