हिरव्या पट्टीतला काटा

गोबीच्या वाळवंटात चिमगेचा कोळशाचा ट्रक बंद पडला, तेव्हा जवळच्या वस्तीवरून दाम्बा मिस्त्री मोटारसायकलवर आला. इंजिन तापून जाम झालं होतं. "असं कसं, काका?" चिमगेने विचारलं. "तापमानाचा काटा तर शेवटपर्यंत हिरव्या पट्टीत होता. नवऱ्याने वीस वर्षं ह्याच काट्याच्या भरवशावर चालवला ट्रक." मिस्त्रीने वाकून फुटलेला पाइप दाखवला. "पाणी केव्हाच वाहून गेलंय, पोरी. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. कोरडा पडला की नुसती हवा मोजतो आणि म्हणतो, सगळं ठीक आहे." चिमगे काट्याकडे बघत राहिली. "महिन्यापूर्वी नवरा गेला, त्याला पोचवलं ना, तेव्हा सगळे म्हणत होते, बाई किती शांत आहे." मिस्त्रीने पाना खाली ठेवला. थर्मासमधला मीठ घातलेला दुधाचा चहा वाटीत ओतून तिच्यापुढे धरला. "इंजिनाचं मग बघू. आधी तू बस."