विश्वास, एक ते चार

यंत्राने तिसऱ्यांदा तेच सांगितलं: हे पॅकेज अधिकृत नाही, बनवणाऱ्याची ओळख पटत नाही, सबब घेता येत नाही.

"अकरा वर्षं संसार करून मलाही पटली नव्हती," नोराइदा पडद्याला म्हणाली.

शेजारी कॉफी ओतत बसलेली मिग्दालिया फिसकन हसली. शाळेच्या संगणकखोलीच्या किल्ल्या सांभाळता सांभाळता ती अख्ख्या बायामो गावाच्या भानगडीही सांभाळायची. हे पॅकेज नोराइदाच्या सोडलेल्या नवऱ्याने, ओस्मेलने, बनवलंय हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

दहा वाजता मुलांचे आईबाप त्यांचं काम बघायला येणार होते. नदीचं पाणी किती चढेल ते सांगणारा एक प्रोग्रॅम नऊ मुलांनी चार महिने खपून लिहिला होता. तोही ज्युलिया नावाच्या भाषेत आणि नोराइदाबाईंच्या एकुलत्या एका लॅपटॉपवर, पाळीपाळीने. परवा त्या लॅपटॉपने मान टाकली. शाळेच्या यंत्रांवर लिनक्स होतं, पण त्याच्या अधिकृत साठ्यात ज्युलियाच नव्हती. ओस्मेलने घरी बसून बांधलेलं हे पॅकेज तेवढं होतं, ते त्याच्या गावाहून, मान्सानियोहून, बसच्या ड्रायव्हरबरोबर एका डिस्कवर आलं होतं. आता साडेनऊ झाले होते. नोराइदाचा जीव टांगणीला लागला होता, आणि उपाय एकच होता म्हणून डोकंही तापलं होतं. तिने फोन उचलला.

"ज्युलियाला घरात घ्यायला नवऱ्याची मदत मागणारी पहिलीच बायको तू," मिग्दालिया म्हणाली.

"नवरा नाही आता. आणि हे घर नाही, शाळा आहे."

पलीकडून ओस्मेलने हॅलोच्या आधीच विचारलं, "घोडं सहीवर अडलं ना?"

"अडणारच. तुझं काम आहे."

"काम पूर्ण आहे, नोरा. शप्पथ."

"छताचंही असंच म्हणाला होतास. अजून स्वयंपाकघरात गळतंय."

ओस्मेलने ते ऐकून सोडून दिलं. यंत्राला त्याची किल्ली, म्हणजे एक लांबलचक सांकेतिक आकडा, द्यायची, की ते पॅकेजवरची त्याची सही ओळखेल, असं त्याने सांगितलं. किल्ली डिस्कवर होतीच. पण ती खरंच त्याची आहे ना, हे आधी ताडून बघायला हवं होतं. तो चाळीस आकडे-अक्षरं वाचणार, तिने पडद्यावर जुळवायची.

फोन इतका खरखरत होता की बी, डी आणि ई सगळी सारखीच ऐकू येत. म्हणून ओस्मेल प्रत्येक अक्षराला शब्द लावू लागला.

"सात. डी, डॉमिनोचा."

"तो कोण विसरेल? छत दुरुस्त करायचं सोडून तेच खेळत बसला होतास."

"चार. ई, एल्विराचा."

"तुझ्या आईला मध्ये आणू नकोस."

"नऊ, शून्य. बी..." तो जरा थांबला. "बाराकोआचा."

बायामोचा म्हणू शकला असता, फोन बायामोलाच तर चालू होता. बाराकोआला दोघं लग्नानंतर फिरायला गेले होते. नोराइदाने पडद्यावरच्या त्या अक्षरावर बोट ठेवलं आणि ते थोडा वेळ तिथेच राहिलं. तिला बरं वाटलं.

"आहे," ती म्हणाली. "पुढे वाच."

चाळीसच्या चाळीस जुळली. मग यंत्राने विचारलं: या माणसावर आपला किती विश्वास आहे? एक, सांगता येत नाही. दोन, मुळीच नाही. तीन, थोडाफार. चार, पूर्ण.

"चार दाब," ओस्मेल म्हणाला.

"काय दाबायचं ते मी बघते."

तिने तीन दाबलं. यंत्र क्षणभर घुटमळलं आणि पुन्हा नाही म्हणालं. थोड्याफार विश्वासावर भागणार नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात मुलांचा गलका सुरू झाला. कुणाची तरी आई चपला वाजवत आली, लवकरच आली. नोराइदाने मिग्दालियाकडे पाहिलं. मिग्दालिया एकाएकी कपात काहीतरी शोधू लागली.

नोराइदाने चार दाबलं.

पडद्यावर ओळी धावल्या आणि ज्युलिया आली. नोराइदाने मुलांचा प्रोग्रॅम सुरू केला. नदीची निळी रेघ वर वर चढत गेली आणि बरोबर जिथे थांबायची तिथे थांबली. नोराइदा खुर्चीत मागे रेलली आणि मोकळं हसली.

"चालली?" ओस्मेलने विचारलं.

"चालली. कुठे गळत नाही."

तोही हसला. मग जरा चाचरत म्हणाला, "किती दाबलंस?"

"तीन."

"तीन?" तो म्हणाला. "मागच्या खेपेला दोनच असतील. वाढलाय की."

तिने फोन ठेवला. मिग्दालियाने हनुवटीने पडद्याकडे खूण केली. "तो आकडा मागे घेता येतो, बरं का. काम तर झालंय. करून देऊ परत तीन?"

नोराइदाने तिच्या हातातला कप काढून घेतला आणि उरलेली कॉफी एका घोटात संपवली.

"राहू दे," ती म्हणाली. "पोरांना आत घे."