मनी गोल कशी झाली?

मालवणात ‘मला’ला ‘माका’ म्हणायचं, हे बार्शीहून लग्न होऊन आलेली प्राजक्ता आठवड्यात शिकली. पण बांगड्याचे काटे काढणं? छे बाई, काही केल्या जमेना! त्यात शेजारच्या काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, “घाटावरच्या सुनेक मासो खाऊक काय जमतलो?”

सासूबाईंचं नाक खाली व्हायला नको, म्हणून प्राजक्ता रोज ताटातला बांगडा गुपचूप टेबलाखाली मनीमांजरीला सारायची आणि वर ऐटीत म्हणायची, “माका आणखी एक बांगडो व्हयो!”

सासूबाई तर हरखल्याच. “माझ्या सुनेन काटोसुद्धा ठेवूक नाय!” असं वाडीभर सांगत सुटल्या.

महिन्याभरात मनी भोपळ्यासारखी गोल झाली. एका दुपारी सासूबाईंनी तिला उचलून मांडीवर घेतलं आणि तिच्या पोटावरून हात फिरवत प्राजक्ताकडे रोखून पाहिलं. प्राजक्ता घाईघाईनं टेबल पुसायला लागली. सासूबाईंनी मनीसकट उठून दार लोटलं, त्या प्राजक्ताच्या कानाशी वाकल्या आणि मालवणी सोडून भलत्याच बोलीत कुजबुजल्या,

“पोरी, माझ्या लग्नानंतर हिची पणजी बी अशीच फुगली हुती. मी कराडची हाय न्हवं!”