वायरीवरची गाठ

स्विच बंद होता, तरी गाडी सुरू झाली.

"बघ तुझा चोरस्विच," शेठ म्हणाले आणि इंजिन बंद करून किल्ली त्यांनी केसरीनाथच्या अंगावर फेकली.

केसरीनाथ ड्रायव्हरच्या सीटखाली डोकं घालून आडवा झाला. चोरस्विच त्यानेच तिथे लपवून बसवला होता. तो दाबल्याशिवाय किल्ली कितीही फिरवा, इंजिन पेट घेणार नाही, अशी सोय. भिवंडीच्या टेमघरातल्या त्याच्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानाचं नाव झालं ते या स्विचमुळेच. आणि तरीही शेठची मोटार त्यांच्याच कापड विणायच्या लूमच्या दारातून चोरीला गेली, आणि काल अंजूरला खाडीकाठच्या चिखलात रुतलेली सापडली.

हवालदार गाडीच्या दाराशी वाकून उभे होते. "चोर माहीतगार दिसतो. काही खूण सापडली तर सांग. साहेब बोललेत, पाताळात असला तरी शोधून काढायचा."

केसरीनाथला सीटखाली कडवट हसू आलं. याच हवालदारांच्या चौकीच्या पायऱ्या तो तीन वर्षं झिजवत होता. त्याचा एकुलता एक मुलगा अनंता घर सोडून गेला, तेव्हापासून. "तरणा पोरगा आहे, मुंबईला गेला असेल, येईल," एवढंच उत्तर मिळायचं. पुढे खाडीत एक प्रेत मिळालं. ओळख पटली नाही, पण लोकांनी काय ते समजून घेतलं. फक्त त्याची बायको ठमाबाई काही समजून घ्यायला तयार नव्हती. रोज संध्याकाळी तिचा एकच प्रश्न असायचा, पोलीस शोधतात का?

वीज तपासायचा दिवा वायरीला टेकवत तो पुढे सरकला. स्विच ठणठणीत होता. मग त्याच्या मागे बोटांना काहीतरी लागलं. स्विचच्या दोन्ही वायरी सोलून कुणीतरी परस्पर जोडल्या होत्या. पीळ उलटा होता, डावखुरा केसरीनाथ स्वतः द्यायचा तसा. आणि वर टेपऐवजी सूत गुंडाळून मारलेली बारीक, चपटी गाठ. लूमवर तुटलेला धागा जोडताना मारतात ती.

भिवंडीत ही गाठ हजारो हातांना येते. पण केसरीनाथचा पीळ आणि ही गाठ, दोन्ही येणारा हात एकच. लूम सोडून बापाच्या हाताखाली आलेल्या अनंताची ती खोडच होती. "हे वायरीचं काम हाय, सुताचं न्हाय. जमत न्हाय तर जा परत लूमवर," असं केसरीनाथ त्याला गिऱ्हाइकांसमोर बोलला होता. अनंता गेला तो त्याच दिवशी.

सूत अजून पांढरं होतं, गाठ ताजी होती. पोरगा जिवंत होता. केसरीनाथला इतका आनंद झाला की त्याने ती गाठ घट्ट धरून ठेवली, आणि पाठोपाठ त्याला हवालदारांचे शब्द आठवले: पाताळात असला तरी शोधून काढायचा.

"काय सापडलं का?" हवालदारांनी विचारलं.

सीटखाली पक्कड दोनदा वाजली. केसरीनाथ बाहेर आला तेव्हा त्याच्या एका हातात उपटलेला स्विच होता. दुसरी मूठ मिटलेली होती.

"न्हाय, साहेब. माझाच स्विच खराब निघाला. आतल्या आत चिकटलाय. किल्लीचं कुलूप तर सळईनं पन फिरतंय. कुनी पन येडागबाळा नेईल अशी गाडी, चोराला कसली अक्कल लागली न्हाय."

शेठनी त्याचा भररस्त्यात उद्धार केला. यापुढे एकही लूमवाला तुझ्या दारात येणार नाही, म्हणाले. केसरीनाथने मान खाली घालून ऐकून घेतलं. हवालदार म्हणाले, "मग आता कुणाला आणि कुठे शोधणार?" आणि सायकल काढून निघून गेले.

ठमाबाई घराच्या दारातच उभी होती.

"हवालदार न्यायला आलेले ना तुम्हाला? आज तरी शोधतो बोलले का आपल्या अनंताला?"

केसरीनाथ खिशातली गाठ चाचपत राहिला.

"शोधत होते," तो म्हणाला. "मीच नको बोललो."