गोलामागचा आवाज

“अरे, तुझा बाप दाढ्या करतो, तूही तेच कर! गोल राखणं तुमच्या सात पिढ्यांना जमायचं नाही!”

पैलाक म्हातारा गोलामागच्या कठड्याला लटकून ओरडला आणि सगळे प्रेक्षक फिदीफिदी हसले. हमाझास्पनं मान खाली घातली. दाढ्या करणारा बाप म्हणजे तोच. आणि खाली गोलात हातमोजे आवळत उभा होता तो त्याचा एकुलता एक मुलगा, झिरायर.

पेनल्टी होती. झिरायरनं डावीकडे झेप घेतली आणि चेंडू छातीशी धरला. लोकांनी टोप्या उडवल्या. पैलाकनं सूर्यफुलाचं बी फोडलं, साल थुंकलं आणि खिशातल्या वहीत काहीतरी खरडलं.

“नवी शिवी टिपून ठेवतोय मेला,” हमाझास्प पुटपुटला.

सात वर्षं हेच चाललं होतं. पैलाक एके काळी या ग्युमरी गावच्याच संघाचा गोलरक्षक. संघाच्या अध्यक्षाच्या गाडीची काच काठीनं फोडली, तेव्हापासून त्याला मैदानावर पाऊल टाकायची बंदी. पण कठड्यामागून ओरडणाऱ्या तोंडाला कोण बंदी घालणार? माणूस इतका रिकामटेकडा, की गावचा सामना नसेल त्या दिवशी गाडी पकडून येरेवानला जायचा आणि परक्यांचे सामने बघत बसायचा. तिथंही म्हणे वही बरोबर असायचीच.

मैदानावर सुटलेली शिवी दुसऱ्या दिवशी हमाझास्पच्या सलूनमध्ये हजर. “काय वस्ताद, पोराच्या हातात वस्तरा कधी देताय?” गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आधी विचारायचं. गाव त्याला वस्ताद म्हणायचं ते उगाच नाही. तीस वर्षांत एकाच्याही गालावर ओरखडा नाही. पिऊन झुलणारा माणूस असो, त्याचा जबडा एकदा हमाझास्पच्या डाव्या हातात आला की हलायची सोय नव्हती. स्वतःचं तोंड मात्र त्याला धरता यायचं नाही. सकाळी सलूनमध्ये बोललेलं दुपारपर्यंत स्टेशनवर पोचलेलं असायचं.

बापाला बोलला असता तर एक वेळ चाललं असतं. पण गेल्या हिवाळ्यात थेरडा ओरडला, “जा, आईच्या कुशीत जाऊन झोप!” झिरायरनं उजवीकडे सूर मारून तीही पेनल्टी अडवली. राग आला की पोरगं वाघ होतं, असं हमाझास्प गिऱ्हाइकांना सांगायचा. पण त्याच्या स्वतःच्या रागाचं काय? तो आतल्या आत जळत होता.

एका रविवारी सकाळी रात्रभर शिजलेल्या पायांच्या गरम रश्श्यात, खाशमध्ये, लसूण कालवता कालवता त्यानं विषय काढलाच.

“त्या पैलाकचं थोबाड मी फोडणार आहे.”

“नको, बाबा.”

“आईवर येतो तो! तुझं रक्त उसळत नाही?”

“ओरडू द्या हो. माझ्या अंगाला का भोकं पडतात?” झिरायर वाडग्यात बघून हसला.

“हसतोस काय? लाज कशी वाटत नाही?”

“तुम्ही त्याला हात लावायचा नाही. माझी शपथ आहे तुम्हाला.”

शपथ घातल्यावर बाप काय करणार? त्यानं रश्श्यात आणखी एक चमचा लसूण ओतला.

मे महिन्यात शेवटचा सामना आला आणि त्याच्याबरोबर सायप्रसच्या एका क्लबचा माणूसही आला. दहातल्या सात पेनल्ट्या अडवणारा गोलरक्षक तिशीपर्यंत इथं काय करतोय, असं तो दुभाष्याला विचारत होता म्हणे. आज झिरायर खेळला की सही. नाही तर पुढच्या वर्षी कोण कशाला येतंय? मग सलूनमधली दुसरी खुर्ची होतीच.

हमाझास्प मुद्दाम पैलाकच्या शेजारी जाऊन बसला.

“आज पाहुणा आलाय. आजचा दिवस तोंड आवर.”

“पाहुण्यासाठीच तर घसा कोन्याकच्या दोन घोटांनी शेकून आलोय, वस्ताद.”

“पोराच्या ताटात माती कालवलीस तर बघ.”

“तुम्ही तेवढे गप्प बसा. तेच तुम्हाला जड जातं.”

सामना संपायला दोन मिनिटं उरली होती. ग्युमरी एका गोलानं पुढे. आणि पंचानं येरेवानच्या संघाला पेनल्टी दिली.

पैलाकनं घाईघाईनं वहीचं पान उलटलं, पुढे वाकून बघितलं कोण मारतोय ते, आणि छाती भरून घेतली. “अरे, तुझा—”

हमाझास्पचं डोकं फिरलं. शपथ गेली खड्ड्यात! त्याचा डावा हात सुटला आणि पैलाकच्या जबड्यावर आवळून बसला. म्हातारा तडफडला, नखांनी ओरबाडू लागला. हात वर करून काही खुणावायला लागला तेव्हा हमाझास्पनं तो हातही काखेत दाबला.

गोलातून झिरायरनं मागे वळून बघितलं. मग परत एकदा बघितलं.

बघ पोरा, बघ! हमाझास्पला भरून आलं. आज कुणी तुझ्या आईबापाचा उद्धार करणार नाही. सुखानं खेळ.

शिट्टी वाजली. झिरायर मधोमध उभाच राहिला, मग उशिरा उजवीकडे कलला. चेंडू डावीकडून जाळ्यात गेला. सायप्रसचा माणूस दुभाष्याशी दोन शब्द बोलला आणि गाडीकडे निघाला.

सामना संपल्यावर झिरायर सरळ कठड्याशी आला. त्याच्या चेहऱ्यावर रंग नव्हता.

“वस्ताद!” त्यानं हाक मारली.

“आलो, बाळा,” म्हणत हमाझास्प धावला.

झिरायर त्याच्याकडे बघतच नव्हता. तो मागच्या पैलाककडे बघत होता.

“वस्ताद, दोनदा वळून बघितलं मी. काय होतं? बाप की आई?”

पैलाकनं सुजलेला जबडा चोळला आणि गोलाच्या डाव्या खांबाकडे बघितलं.

“बाप,” तो म्हणाला.